मुठीवरची बाई आणि अजिंठ्याची हारीती

इतिहास म्हटला की राजे येतात, लढाया येतात, तलवारी येतात. तलवार कोणाची होती आणि तिने कोणाला मारले, हे शाळेत पाठ करून घेतात. पण त्या तलवारीच्या मुठीकडे कोणी बघत नाही. ती मूठ कोरणारा कारागीर कोण होता, त्याने तिच्यावर काय कोरले, आणि तेच का कोरले, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. या लेखात मुठीबद्दलच बोलायचे आहे, मुठीवर कोरलेल्या बाईबद्दल. सुरुवात समुद्रापलीकडच्या बेटांवरून करू आणि मग आपल्या जळगावपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याला येऊ. रस्ता लांबचा आहे, पण वाचक बंधू-भगिनींनी थोडा धीर धरावा.

जावा आणि बालीची कट्यार

इंडोनेशिया देशात जावा आणि बाली ही दोन बेटे आहेत. तिथली कट्यार जगप्रसिद्ध आहे. तिला 'क्रिस' म्हणतात. तिचे पाते कधी सरळ असते, तर कधी सापाच्या चालीसारखे नागमोडी. जावातल्या सुकूह नावाच्या पंधराव्या शतकातल्या मंदिरात एक शिल्प आहे. त्यात लोहाराचा भाता आहे, घडवलेली हत्यारे आहेत आणि कट्यार घडवणारा भीम आहे. आपल्या महाभारतातला भीम तिकडे लोहार झाला! कष्टाच्या कामाला तिथे केवढा मान होता, ते यावरून दिसते. युनेस्को या जागतिक संस्थेने २००५ साली या कट्यारीला मानवजातीचा मोलाचा ठेवा म्हणून जाहीर केले.

तिथल्या लोकांच्या दृष्टीने क्रिस म्हणजे नुसते हत्यार नव्हे. ती बापाकडून मुलाकडे जाते, लग्नकार्यात कमरेला खोवली जाते. तिच्यात काही शक्ती वास करते अशी तिथली जुनी समजूत आहे. म्हणून तिची मूठही साधी नसते. लाकूड, हस्तिदंत, शिंग आणि श्रीमंताघरी सोने अशा नाना वस्तूंच्या मुठी करतात. त्यांवर देव, राक्षस, तपस्वी आणि पुराणकथांतल्या स्त्रियाही कोरलेल्या असतात. पुढे जावामध्ये इस्लाम पसरला आणि तिथल्या मुठींवरच्या आकृत्या हळूहळू पुसट होत गेल्या. नाक-डोळे गेले, फक्त वाकलेला आकार आणि थोडी वेलबुट्टी राहिली. बालीमध्ये मात्र जुनी परंपरा टिकली, म्हणून तिथल्या मुठींवर अजून पूर्ण आकृत्या दिसतात.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की पाते मारण्यासाठी आणि मूठ धरण्यासाठी. ज्या जागी माणसाचा तळहात टेकतो, तिथे पुराणातली बाई का बसवली असेल? राखण करायला? की शत्रूला भीती घालायला? बाईला एक तर देवी करायचे नाहीतर राक्षसी करायचे, ही माणसाची फार जुनी खोड आहे. मुठीवर या दोन्ही रूपांना जागा मिळते.

भोकरदनची हस्तिदंती बाई

असे काही आपल्याकडे होते का? होते. अगदी आपल्या शेजारी होते.

अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडला गेलो की पूर्वेला भोकरदन लागते. केळणा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात ही भरभराटीची पेठ होती. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते या अभ्यासकांनी त्याचा अहवाल लिहिला. मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती असे बरेच काही तिथे सापडले. त्यातच हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुटका भाग मिळाला.

आता याच मूर्तीची जणू थोरली बहीण कुठे सापडली ते बघा. इटली देशात व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी आहे. इसवी सन ७९ मध्ये तो फुटला आणि पाँपेई हे शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घराच्या उत्खननात सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. गळ्यात माळा, हातापायांत भरगच्च कडी, आणि दोन्ही बाजूंना शृंगाराचे सामान घेतलेल्या दोन लहान मुली. मूर्ती भारतीय आहे हे बघताक्षणी कळते. आज ती नेपल्स शहरातल्या संग्रहालयात आहे. तिच्या डोक्यातून खाली आरपार जाणारे छिद्र पाडलेले आहे. त्यावरून पुष्कळ अभ्यासकांनी ती आरशाची मूठ असावी असे म्हटले, तर काहींनी एखाद्या लहान मेजाचा पाय असावा असे म्हटले. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे. ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही जण तिला तिकडची समजतात. पण भोकरदनचा तुकडा आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी सापडलेली हस्तिदंती स्त्री यांच्याशी तिचे साम्य एवढे आहे की ती दख्खनच्या कारागिरांनीच घडवली असावी, असे मानणारे अभ्यासकही आहेत.

हे अशक्य मुळीच नाही. एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन पेठांची नावे आली आहेत. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून जहाजाने रोमकडे. पैठणहून भडोचला जायचे म्हणजे घाट उतरून खानदेशात यावेच लागे. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, तीही अशाच घाटवाटेजवळ. तिथल्या लेखांत पैठणच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेले दान नोंदले आहे. तिथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर तिच्या कारागिराचे नाव आहे. तो कान्हदास नावाचा सोनार होता. सोनाराने दगड कोरला!

कारागिरांचा हा विषय निघालाच आहे तर सांचीचीही आठवण करू. तिथल्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, हे कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केले, अशी नोंद आहे. दंतकार म्हणजे हस्तिदंत कोरणारे. आणि सांचीच्या दात्यांच्या यादीत भोगवर्धनच्या लोकांचीही नावे आहेत. म्हणजे हस्तिदंताची मूठ कोरणारा हात आणि स्तूपाचे तोरण कोरणारा हात एकाच जातकुळीचा होता. पेठेत आरशाच्या मुठीवर जी बाई दिसे, तीच तोरणावर आंब्याची फांदी धरून उभी राही.

ही लक्ष्मी कशी?

पाँपेईच्या मूर्तीला सगळे जग 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणते. पुस्तकांत तेच, संग्रहालयाच्या पाटीवर तेच. पण तिच्या हातात कमळ नाही, तिच्यावर पाणी ओतणारे हत्तीही नाहीत. म्हणून अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. यक्षी म्हणजे झाडाझुडपांची, पाण्याची, बाळंतपणाची आणि सुबत्तेची लोकांनी मानलेली शक्ती. तिला धड देवी म्हणता येत नाही आणि धड राक्षसीही म्हणता येत नाही. प्रसन्न असली तर लेकरे राखणार, कोपली तर लेकरे उचलणार. आपल्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या आयाबाया सटवाई आणि मरीआईबद्दल जे बोलत, तसेच हे काहीसे.

ज्या बाईचे नाव ठाऊक नाही तिला आपल्या सोयीचे नाव देऊन मोकळे व्हायचे, हे असे चालते. मुठीवरच्या बाईने स्वतःचे नाव कधी सांगितले नाही. पण एका यक्षीचे नाव मात्र बौद्ध साहित्याने नीट जपून ठेवले आहे, आणि तिची गोष्टही जपली आहे. ती यक्षी म्हणजे हारीती.

हारीतीची गोष्ट

हारीती राजगृह नगरात राहत होती. तिला पाचशे मुले. तरी ती नगरातली दुसऱ्यांची लेकरे चोरून खात असे. घरोघरी आकांत माजला. लोकांनी उतारे ठेवून पाहिले, पूजा केल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी ते तथागत भगवान बुद्धांकडे गेले.

बुद्धांनी काय केले? त्यांनी शस्त्र उचलले नाही, मंत्र टाकला नाही. हारीती बाहेर गेलेली असताना तिचा सगळ्यात धाकटा, लाडका मुलगा त्यांनी आपल्या भिक्षापात्राखाली झाकून ठेवला. घरी येऊन बघते तो लेकरू नाही. मग काय विचारता! सात दिवस ती वेड्यासारखी हिंडली. गल्ल्या शोधल्या, राने शोधली, छाती बडवून घेतली. अखेर रडत रडत ती बुद्धांपुढे आली.

बुद्धांनी तिला विचारले, तुला पाचशे लेकरे आहेत. त्यातले एक दिसेना तर तुझी ही दशा. ज्या बाईला एकच होते, किंवा दोनच होती, आणि तीही तू नेलीस, तिचे काय झाले असेल?

या एका प्रश्नाने हारीतीचे डोळे उघडले. लेकरू परत मिळाले आणि तिने हिंसा सोडली. पण मग तिने एक अगदी व्यवहारातला प्रश्न टाकला. आता मी आणि माझ्या पोरांनी खायचे काय? बुद्धांनी तिला हुसकावून लावले नाही. विहारात भिक्खू जेवायला बसतील तेव्हा आधी तुझा आणि तुझ्या लेकरांचा वाटा काढून ठेवतील, असे त्यांनी सांगितले.

माता-भगिनींनो, या गोष्टीतला हा शेवटचा भाग नीट लक्षात घ्या. इतर कथांमध्ये राक्षसीचा शेवट काय होतो? ताटका मारली जाते, पूतना मारली जाते, शूर्पणखेचे नाक कापले जाते. हारीतीला कोणी मारत नाही. तिच्या दुःखातूनच तिला दुसरीचे दुःख समजावून दिले जाते, आणि वर तिच्या पोटाची सोयही केली जाते. नुसता उपदेश करून तिला उपाशी परत पाठवले असते तर ती पुन्हा चोरी करायला लागली असती, हे गोष्ट सांगणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

लेणे क्रमांक दोन

ही हारीती आपल्याला अजिंठ्याला भेटते. जळगावहून नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला उतरायचे आणि लेण्यांकडे जायचे. बहुतेक माणसे पहिले लेणे आणि त्यातला पद्मपाणी बघतात, दुसऱ्यात घाईने डोकावतात आणि पुढे सरकतात. तसे करू नका. दुसऱ्या लेण्यात आत बुद्धमूर्तीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला एक छोटा गाभारा दिसतो. त्यात हारीती आणि तिचा नवरा पांचिक शेजारी शेजारी बसले आहेत, आणि हारीतीच्या मांडीवर लेकरू आहे. हे लेणे वाकाटकांच्या काळातले, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे.

मूर्तीच्या वरच्या बाजूला गोष्टीचे दोन प्रसंग कोरले आहेत. एकात ती संतापून बुद्धांवर चालून येते आहे, दुसऱ्यात शांत होऊन त्यांच्या चरणांशी आली आहे. आता खाली बघा. बैठकीच्या पट्टीवर लहान पोरांची रांग आहे. एका टोकाला गुरुजी बसले आहेत, हातात छडी! पुढची पोरे पाटीवर लिहिताहेत, आणि मागची आपल्याच नादात खेळताहेत. मेंढ्यांची टक्करही कोरली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीची ही शाळा बघून आजच्या पोरांनाही हसू येईल.

ज्या बाईने नगरातली लेकरे खाल्ली तिच्याच पायाशी कारागिराने लेकरांची शाळा भरवली. गाभाऱ्याच्या भिंतींवर हारीतीकडे निघालेल्या बायांची रंगीत चित्रे आहेत. त्यांच्या हातांत भेटीच्या वस्तू आहेत आणि सोबत मुले आहेत. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या लेण्यांमध्येही सातव्या लेण्याच्या ओसरीत हारीती आणि पांचिक आहेत. म्हणजे ही एखादी सुटी मूर्ती नव्हती. विहारात तिची जागा ठरलेली होती.

याला बाहेरचा साक्षीदारही आहे. इत्सिंग नावाचा चिनी भिक्खू इसवी सन ६७१ मध्ये चीनहून निघाला आणि ६९५ मध्ये परतला. भारतातल्या विहारांमध्ये दारापाशी किंवा जेवणघराच्या कोपऱ्यात हारीतीची प्रतिमा असते, तिच्या हातात लेकरू आणि गुडघ्यांपाशी आणखी तीन-पाच पोरे असतात आणि रोज तिच्यापुढे अन्न ठेवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. राजगृहात दिलेला शब्द भिक्खुसंघ हजार वर्षांनंतरही पाळत होता!

समुद्रापलीकडे

हाच इत्सिंग जाता-येता सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्यात राहिला होता. तिथे हजाराहून जास्त भिक्खू अभ्यास करतात, असे तो सांगतो. म्हणजे आपल्याकडची जहाजे त्या बेटांवर नुसता माल नेत नव्हती, गोष्टीही नेत होती. जावामध्ये बोरोबुदूरच्या महास्तूपाजवळ मेंदुत नावाचे बौद्ध मंदिर आहे. ते नवव्या शतकाच्या सुरुवातीचे. आत शिरताना ओसरीच्या एका भिंतीवर हारीती कोरली आहे, भोवती पोरेच पोरे. समोरच्या भिंतीवर तिचा जोडीदार यक्ष आहे. अजिंठ्याची आई जावाला पोचली ती अशी.

बालीमध्ये तर आणखी गंमत झाली. तिथे गोवा गजह नावाची सुमारे अकराव्या शतकातली गुहा आहे. गुहेच्या बाहेर पोरांनी वेढलेली हारीतीची जुनी मूर्ती आहे. पण गावचे लोक तिला हारीती म्हणत नाहीत. 'मेन ब्रायुत' म्हणतात. मेन म्हणजे आई. त्यांच्या लोककथेत मेन ब्रायुत ही अठरा पोरांची गरीब, दमलेली आई आहे. यक्षी गेली, पाचशे लेकरे गेली, आणि राहिली एक कष्टकरी माय. ज्या बेटावर कट्यारीच्या मुठीवर बाई कोरतात, त्याच बेटावर आपली हारीती सामान्य घरातली आई होऊन बसली आहे.

आणि त्याच बेटावर दुसरी एक बाई आहे. तिचे नाव रांगडा. लांब सुळे, बाहेर लोंबणारी जीभ, विस्कटलेले केस, लेकरे खाणारी चेटकीण. बालीच्या नाटकांत तिला मारायला माणसे क्रिस घेऊन धावतात. ती जादू करते आणि माणसे त्याच कट्यारी स्वतःच्याच छातीवर टेकवतात. आता रांगडा या शब्दाचा अर्थ काय? विधवा! संस्कृतातल्या 'रंडा' या शब्दाशी त्याचे नाते आहे. आपल्या मराठीत त्याच शब्दाची शिवी झाली, ती सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा मेलेल्या बाईची तिकडे चेटकीण केली आणि इकडे शिवी केली. समुद्राने बेटे वेगळी केली, पण बाईकडे बघण्याची दृष्टी काही वेगळी नव्हती.

डाकीण कोण ठरवते?

आपल्या खानदेशात 'मूठ' म्हटले की जुन्या माणसांना कट्यार नाही, 'मूठ मारणे' आठवते. अमकीने मूठ मारली, तमकीने करणी केली. धुळे जिल्ह्यातून १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा आणि सातपुड्याच्या रांगेतली गावे इथे बाईला 'डाकीण' ठरवण्याची प्रथा आहे. गावात लेकरू तापाने गेले, जनावर मेले की कोणातरी बाईकडे बोट जाते. पुष्कळदा ती विधवा असते, एकटी असते किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मग मारहाण होते, तिला गावाबाहेर काढतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते याविरुद्ध अनेक वर्षे काम करीत आले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या माणसावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे हा आता गुन्हा आहे. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण बोट दाखवणारा हात कायद्याच्या आधी घरातच थांबला पाहिजे.

यासाठी हारीतीची गोष्ट आजही उपयोगाची आहे. डाकीण ठरवलेल्या बाईने खरे तर कोणाचे लेकरू खाल्लेले नसते. गोष्टीतल्या हारीतीने तर खाल्ली होती. तरीही भगवान बुद्धांनी तिच्यावर दगड उचलू दिला नाही. मग ज्यांनी काहीच केले नाही त्या बायांवर हात उगारायला आपल्याला काय अधिकार?

मग हारीतीला पुजायचे का?

हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच, तेव्हा आधीच सांगितलेले बरे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्या आजी-आजोबांनी त्या ऐकल्या आणि घरातले देव, टाक, देव्हारे बाहेर काढले. आता त्या रिकाम्या जागी हारीती नेऊन बसवायची आणि तिला नवस बोलायचे, असे या लेखाचे म्हणणे नाही. सटवाई गेली आणि हारीती आली, तर बदलले काय?

हारीतीला नारळ नको, तिच्यासाठी काढलेला वाटा हवा. विहारात जेवणाआधी तिचा वाटा निघत होता, तो ती देवी होती म्हणून निघत नव्हता. भुकेल्या आईला शब्द दिला होता म्हणून निघत होता. आज आपल्या मोहल्ल्यात अशी घरे आहेत जिथे कर्ता माणूस गेला आणि बाई चार पोरांना घेऊन एकटी झगडते. विहाराच्या पंगतीत तिची पोरे पुढे बसतात की मागे? त्यांच्या वह्या-पुस्तकांची विचारपूस कोण करते? हारीतीच्या पायाशी कारागिराने शाळाच का कोरली असेल, याचे उत्तर या प्रश्नांत आहे.

पुढच्या वेळी अजिंठ्याला सहल निघेल तेव्हा दुसऱ्या लेण्यात थोडा वेळ थांबा. पोरांना उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यापाशी घेऊन जा, छडीवाले गुरुजी दाखवा, मागे खेळणारी पोरे दाखवा, आणि ही गोष्ट सांगा. ज्यांनी हत्यारांच्या मुठी कोरल्या, आरशांच्या मुठी कोरल्या, तसल्याच हातांनी हे दगड कोरले. त्यांनी राक्षसी ठरवलेल्या बाईला आई म्हणून बसवले. आपल्या आजूबाजूच्या एखाद्या बाईकडे उद्या बोट दाखवले जाईल, तेव्हा आपण तिच्या बाजूला उभे राहिलो तर ती गोष्ट आपल्याला कळली असे म्हणता येईल.